कोफाय स्ट्रीटवरची पास झालेली भिंत

बेव्हन हॅलिडे यांनी चौतीस वर्षं लोकांची घरं नापास केली. नगरपरिषदेचे इमारत तपासनीस म्हणून ते काखेत सपाटी तपासायची पाणसळ मारून गेटातून आत शिरले, की भल्याभल्या बिल्डरांच्या तोंडचं पाणी पळायचं. जिन्याची पायरी बोटभर उंच, नापास. खिळा अर्धा इंच डावीकडे, नापास. माणूस वाईट नव्हता. कामावर असताना कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसे. पण त्यामुळे झालं असं, की निवृत्त झाल्यावरही त्यांना कुणी चहाला बोलावेना, आणि नापास करायला काही उरलं नाही म्हणून ते घरातले टोस्ट नापास करू लागले.

अशा माणसाला स्वतःच्या जेवणघरात एक आरसा टांगायचा होता.

आरसा त्यांच्या बायकोच्या, ग्लेनिसच्या आईचा. न्यूझीलंडातल्या रिमू नावाच्या लाकडाची नक्षीदार चौकट, रुंदी चार फूट, आणि वजन किती यावर घरात दोन मतं. ग्लेनिसने बेव्हनना आरशासकट न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं तेव्हा काटा एकशे एकोणतीसवर गेला. बेव्हन म्हणाले, "माझं वजन चौऱ्याऐंशी, म्हणजे आरसा पंचेचाळीस किलोचा." ग्लेनिस म्हणाली, "तुझं वजन चौऱ्याऐंशी आपल्या लग्नात होतं. तू त्र्याण्णव, आरसा छत्तीस." काट्यावर नुसतं उभं राहून हा वाद मिटवता आला असता, पण बेव्हन उतरले ते उतरलेच. कागदावर आरसा पंचेचाळीस किलोचा राहिला.

आई गेली तेव्हा ग्लेनिस आणि तिची थोरली बहीण नोएलीन यांच्यात भांडण असं झालं नाही. आमच्याकडे भांडण होत नाही, चहा होतो, आणि चहात सगळं ठरतं. ठरलं ते असं, की आरसा ग्लेनिसने न्यावा, पण वर्षाच्या आत तो भिंतीवर नीट लागला पाहिजे. नाहीतर नोएलीन तो इन्व्हरकार्गिलला आपल्या घरी नेईल, तिच्या भिंती विटांच्या आहेत. यातला 'नीट' हा शब्द नोएलीनने दोनदा उच्चारला होता. त्याला आता एक्कावन्न आठवडे झाले होते, आणि आरसा घोंगडीत गुंडाळून जेवणघराच्या दारामागे उभा होता. का, तर बेव्हन नियोजन करत होते. त्यांच्याकडे या कामाची एक फाईल होती.

सोमवारी नोएलीनचा फोन आला.

"रविवारी अकराला येते गं. ट्रेलर जोडूनच येते."

"चहाला ये ना," ग्लेनिस म्हणाली, "ट्रेलर कशाला ओढत आणतेस इतक्या लांबून?"

"रिकामा ट्रेलर काही जड नसतो."

फोन ठेवून ग्लेनिस बराच वेळ भांडी पुसत बसली. ती भांडी आधीच पुसलेली होती. बेव्हनना हे दिसलं, आणि अशा वेळी नवऱ्याने गप्प बसावं हे सेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कुणी लेखी कळवलेलं नव्हतं.

"इतका हवाय तुला तो आरसा?"

"शाळेत जायच्या वेळी आई आमच्या दोघींच्या वेण्या त्या आरशासमोर घालायची," ती म्हणाली. "नोएलीन पुढे, मी मागे. ती ताडमाड. सात वर्षं मी त्या आरशात नोएलीनच्या डोक्याची मागची बाजू बघितली, बेव्हन. मला एकदा त्यात माझं तोंड बघायचंय."

"न्हाणीघरात आरसा आहे की."

त्या दिवशी रात्रीचं जेवण बेव्हन यांनी स्वतःचं स्वतः गरम करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस म्हणाली, "कुणी कारागीर बोलावून घे आणि मोकळा हो." हे मात्र तिने बोलायला नको होतं. आमच्या न्यूझीलंडात पुरुषाने म्हातारपणी बायको बदलली तर लोक समजून घेतात. पण स्वतःच्या भिंतीत स्क्रू बसवायला त्याने माणूस बोलावला, तर दुसऱ्या दिवशी दुकानात लोक हळू आवाजात त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.  बेव्हन यांनी कोट चढवला आणि ते थेट नगरपरिषदेत गेले.

त्याचं कारण असं. आमच्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर दोन्ही अंगांनी ठोकलेले प्लास्टरचे पातळ बोर्ड. मधे सगळी पोकळी. बोर्डावर फार तर कॅलेंडर टांगावं. जड काही लावायचं तर आतलं उभं लाकूड नेमकं कुठे आहे ते हुडकून त्यात स्क्रू पिळायचा, हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. लाकूड हुडकायचं एक यंत्र मिळतं. भिंतीवरून फिरवलं, की लाकूड आलं तिथे ते पी-पी करतं. बेव्हनना त्या यंत्राचा मनस्वी तिटकारा होता. ज्या घराचा मंजूर नकाशा नगरपरिषदेच्या कपाटात आहे, त्या घराच्या भिंतीपुढे पी-पी करत फिरणं म्हणजे त्यांच्या मते लग्नाच्या बायकोला नाव विचारण्यासारखं होतं.

खिडकीत तिआना नावाची एक हसतमुख मुलगी बसली होती.

"आमच्या घराचा नकाशा हवाय," बेव्हन म्हणाले. "मी बेव्हन हॅलिडे."

नाव ऐकून ती उठून उभी राहील असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "हो का? मग हा फॉर्म भरा काका. ओळखपत्र जोडा, आणि खाली साक्षीदाराची सही आणा."

"अहो, मी या इमारतीत चौतीस वर्षं काढलीत."

"अरे वा! माझे आजोबापण इथेच होते. साक्षीदार घरातला चालत नाही हं."

"असला खुळचट नियम कुणी काढला?"

तिआनाने फॉर्म उलटा केला आणि तळाशी बोट ठेवलं. नियम एकोणीसशे चौऱ्याण्णवचा होता. खाली छापील अक्षरांत बी. हॅलिडे असं नाव होतं. बेव्हन यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि ते मान ताठ ठेवून बाहेर आले. दार ढकलायचं होतं की ओढायचं, हे मात्र त्यांना तीन प्रयत्नांनंतर कळलं.

साक्षीदार घरातला चालत नाही म्हणून ते शेजारच्या क्लाइव्ह पेनरोजकडे गेले. क्लाइव्ह निवृत्त दंतवैद्य. सही करायला त्याने दोन मिनिटं घेतली आणि सल्ला द्यायला दीड तास.

"भोक पाडायचंय ना? माझा जन्म त्यात गेला, बेव्हन. आधी ठोकून बघायचं. निरोगी असलं की आवाज भरीव येतो."

"मला ठोकायची गरज नाही. माझ्याकडे नकाशा येतोय."

"एक्स-रे? तोही घ्यावाच," क्लाइव्ह म्हणाला. "पण एक्स-रे बघून मी एकदा एका बाईचा भलताच दात काढला होता. चांगली बाई. पुढे तिने माझी पाठ सोडली नाही."

नकाशा गुरुवारी मिळाला. त्यात दर साठ सेंटिमीटरला एक उभं लाकूड काढलं होतं, आणि कोपऱ्यात मंजुरीचा शिक्का होता. तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बेव्हन यांनी ग्लेनिसला जवळ बोलावलं, आणि शिस्त म्हणजे काय यावर थोडं भाष्य केलं. शुक्रवारी सकाळी कोपऱ्यापासून मोजून त्यांनी पहिली खूण केली आणि ड्रिल लावलं. ड्रिल लोण्यात शिरावं तसं आत गेलं. आत काही नव्हतं.

त्यांनी कोपरा पुन्हा मोजला. मग टेप पट्टीशी ताडून बघितला. मग बोटभर उजवीकडे दुसरं भोक पाडलं, बोटभर डावीकडे तिसरं. मग पुढच्या लाकडाच्या जागी चौथं. प्रत्येक भोकाशेजारी ते पेन्सिलीने क्रमांक आणि वेळ लिहीत होते. अकराव्या भोकापाशी ग्लेनिस चहा घेऊन आली.

"लाकूड सापडलं?"

"लाकूड आहे," बेव्हन म्हणाले. "नकाशात आहे."

शनिवारी सकाळी क्लाइव्ह न बोलावता आला. त्याने बोटाच्या पेराने भिंत वरपासून खालपर्यंत ठोकली, मधेच थांबून मान हलवली, आणि बेव्हनना इथे ठोकल्यावर काय वाटतं असं सवयीने विचारलं. मग म्हणाला, "आत सगळी कीड आहे. पण हरकत नाही, पोकळीवर उपाय असतो." त्याने खिशातून चार बोल्ट काढले. हे बोल्ट मिटलेल्या छत्रीसारखे भोकातून आत जायचे आणि पलीकडे गेल्यावर उघडायचे. पाकिटावर लिहिलं होतं, एका बोल्टला वीस किलो. चार बोल्ट, ऐंशी किलो. आरसा पंचेचाळीसचा धरा नाहीतर छत्तीसचा, गणित सुटत होतं. मनातून बेव्हनना असल्या छत्र्या पटत नव्हत्या. आयुष्यात त्यांनी अशा बोल्टांवर टांगलेलं एक कपाट आणि एक पाण्याची टाकी नापास केली होती. पण रविवार उद्यावर आला होता, आणि ग्लेनिस घोंगडी सोडवून आरशाची काच पुसत होती. पुसताना ती गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं त्यांनी वर्षभरात ऐकलं नव्हतं, आणि ते थांबवायची त्यांची छाती झाली नाही.

आरसा लागला. तिघंही मागे सरले. बेव्हन यांनी पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोब्बर मधोमध आला. ग्लेनिस म्हणाली, "थांब, केस विंचरून येते," आणि आत गेली.

ती विंचरत असतानाच भिंतीने एक उसासा टाकला. बोल्टांची चूक नव्हती, ते शेवटपर्यंत उघडेच होते. पण अकरा भोकांनी चाळण झालेला बोर्ड किती आणि काय धरणार? टेबलाएवढा तुकडा बोल्टांसकट सुटून पुढे आला आणि आरसा सरळ खाली घसरला. आरशाला काही झालं नाही, काचेवर साधा ओरखडा नाही. कारण आरसा आणि जमीन यांच्या मधे बेव्हन यांचा डावा पाय होता.

क्लाइव्हने आरसा बाजूला घेतला, पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे माझ्या खात्यात येत नाही."

बेव्हन खुर्चीत बसून कण्हत होते. ग्लेनिसने त्यांच्या पायावर गोठवलेल्या मटारची पिशवी ठेवली आणि मग तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. बोर्ड सुटल्यावर आतला सांगाडा उघडा पडला होता. नकाशात जिथे तीन उभी लाकडं होती तिथे एकच होतं, तेही आपल्या मर्जीने कुठेतरी उभं. आडवं लाकूड तर औषधालाही नव्हतं. आणि त्या एकट्या लाकडावर सुताराच्या जाड पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. ग्लेनिसने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"चौदा ऑक्टोबर अठ्ठ्याऐंशी. तपासले. पास. बी. एच."

 बेव्हन यांच्या पायावरची मटारची पिशवी घसरून खाली पडली.

"हा बी. एच. कोण?" क्लाइव्हने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं, की चौकशी करण्यात त्याला आनंद होत होता, हे आजवर ठरलेलं नाही.

बेव्हनना सगळं आठवलं. घर त्यांचंच, बिल्डर त्यांच्याच रग्बीच्या संघातला. ग्लेनिसचे दिवस भरत आले होते आणि भाड्याच्या घरात ओल होती. बोर्ड ठोकायच्या आधी सांगाडा तपासायला ते सकाळी दहाला आले, तर ग्लेनिस अर्धवट घरात फळीवर चहा आणि गरम चीझ स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, मांडून बसलेली. स्वतःच्या बायकोचा चहा नियमात बसत होता. त्यांनी तीन स्कोन खाल्ले, एका लाकडावर सही केली, आणि ते गेले. तपासनीसाने स्वतःचं घर तपासू नये असा नियम त्यांनीच पुढे दोन वर्षांनी करून घेतला होता. तो का केला हे त्यांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"तू दहा मिनिटंच थांबला होतास," ग्लेनिस म्हणाली. "मला वाटलं, तुझा हात किती बसलाय कामावर."

दुपारपर्यंत सगळी कोफाय स्ट्रीट येऊन गेली. एकीला वाटीभर साखर हवी होती. एक जण केकचा डबा परत करायला आला, तो डबा हॅलिडेंचा नव्हता. एकाने सरळ सांगितलं, "भिंत बघायला आलोय." या सगळ्यांचं कधी ना कधी काहीतरी बेव्हन यांनी नापास केलं होतं. कुणी वाकडं बोललं नाही. आमच्याकडचे लोक तसे नाहीत. लाकडावरचं वाचून सगळ्यांनी, "होतं असं कधीकधी," एवढंच म्हटलं, आणि गेटाबाहेर गेल्यावर त्यांचे खांदे हलताना खिडकीतून दिसले. बेव्हन यांनी पायावर मटार धरून हे सगळं सोसलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्याहून वाईट हे, की ग्लेनिसने आरसा पुन्हा घोंगडीत गुंडाळायला घेतला होता.

"राहू दे," ती म्हणाली. "नोएलीनच्या भिंती विटांच्या आहेत."

बेव्हन उठले आणि लंगडत समोरच्या घरी गेले.

समोर हेमी रापाना राहत. वय शहात्तर, आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात सुतार. लाकडाला त्यांचा हात लागला की ते ऐकतं, असं गल्लीत म्हणायचे. शहाण्णव साली हेमींनी मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसासाठी घरामागे लाकडी ओटा बांधला होता. पन्नास माणसांचं आमंत्रण होतं. दोन दिवस आधी बेव्हन यांनी ओट्यावर नापासचा लाल कागद डकवला. वाढदिवस मोटारीच्या गॅरेजमध्ये झाला. तेव्हापासून हेमी त्यांच्याशी फक्त कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलत. "या आठवड्यात पिवळा," असं हेमी म्हणायचे आणि "धन्यवाद," असं बेव्हन म्हणायचे. सगळी मिळून अठ्ठावीस वर्षं त्यांनी एवढ्यावर भागवली होती.

हेमी दारात आले.

"या आठवड्यात लाल," ते म्हणाले.

"हेमी, मला मदत हवीय."

हेमींनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. पायातल्या एकाच चपलेवर नजर थोडी जास्त थांबली.

"माझा ओटा कितीने चुकला होता, बेव्हन? कागदावर नुसतं 'उतार सदोष' लिहिलं होतंस. आकडा नव्हता."

"चार मिलिमीटर."

"आणि चालतं किती?"

"तीन," बेव्हन म्हणाले. मग म्हणाले, "चूक झाली माझी. तेव्हाच झाली. मला त्या दिवशी रात्रीही कळलं होतं." हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, त्यामुळे ते जरा अडखळत आलं.

 आत जाऊन हेमींनी बायकोला काहीतरी सांगितलं, आतून मोठं हसू ऐकू आलं, आणि मग ते परत आले. "उद्या आठला येतो," ते म्हणाले. "फळी मी आणतो. तुझ्या घरातल्या लाकडाचा भरवसा नाही."

रविवारी हेमी आठला आले. त्यांनी तुटक्या भोकाच्या कडा करवतीने कापून चौकोन केला, पलीकडचं दुसरं उभं लाकूड शोधून काढलं, आणि दोन उभ्या लाकडांच्या मधे एक रुंद, मजबूत फळी आडवी बसवायला घेतली. आता या फळीवर बैल टांगला तरी हलला नसता. बेव्हन स्क्रू देत होते.  मग हेमींनी फळीवर पाणसळ ठेवली, डोळे बारीक करून तिच्यावर वाकले, आणखी वाकले, आणि म्हणाले, "बरोब्बर मधोमध. चष्मा घरीच राहिला, पण मला लागत नाही."

बुडबुडा मधोमध नव्हता. तो डावीकडच्या रेघेला ओलांडून पार पलीकडे जाऊन बसला होता.

बेव्हन यांच्या तोंडात तो शब्द आला. चौतीस वर्षं तो आपोआप येत होता, त्याला वर बोलवावं लागत नसे. हेमी त्यांच्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर तीस वर्षांपूर्वी असायची तशी कारागिराची ऐट होती, आणि त्या ऐटीखाली थोडी भीती. हेमींना आपल्या डोळ्यांचं माहीत असावं, असं बेव्हनना त्या क्षणी वाटलं.

"कसं आहे?" हेमींनी विचारलं.

बेव्हन यांनी तो शब्द गिळला.  "उत्तम," ते म्हणाले.

हेमींनी कापलेला बोर्ड पुन्हा बसवला, फळीचा मध्य धरून आरसा टांगायचे हूक पिळले, आणि तिघांनी मिळून आरसा चढवला. फळी जशी, तसा आरसा. ग्लेनिस केस विंचरायला जाणार, एवढ्यात गेटापाशी ट्रेलर खडखडला. अकराला दहा कमी होते. आमच्याकडे दहा मिनिटं आधी येणं म्हणजे उघड अविश्वास.

नोएलीन आत आली. एक्काहत्तर वर्षांची, अजून ताडमाड. तिने बहिणीला जवळ घेतलं, बेव्हन यांच्या पायाबद्दल काहीही विचारलं नाही, आणि ती थेट आरशासमोर जाऊन उभी राहिली.  नोएलीनने मान जराशी उजवीकडे केली, मग डावीकडे.

"वाकडा आहे," ती म्हणाली.

ग्लेनिसच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. हेमींनी आरशाकडे बघितलं, डोळे बारीक केले, आणि घरी राहिलेला चष्मा खिशात चाचपून बघितला.

"नीट म्हणजे नीट, ग्लेनिस. ठरलं होतं आपलं."

"सरळ आहे," बेव्हन म्हणाले.

"बेव्हन, डावी बाजू बघ की. स्वच्छ दिसतंय."

"मी तपासलाय, नोएलीन. पाणसळ लावून तपासलाय. पास आहे."

नोएलीन वळली आणि त्यांच्याकडे रोखून बघू लागली. बेव्हन यांनी नजर हलवली नाही. कान मात्र लाल होत चालले होते, आणि त्यांना ते जाणवत होतं.

"माझ्या केनचा गोठा तू तीनदा नापास केलास," ती सावकाश म्हणाली. "सख्ख्या साडूचा. तिसऱ्यांदा तर नाताळच्या जेवणाला बसून, तोंडात घास असताना केलास. केन म्हणायचा, हा माणूस देवाच्या दारात गेला तरी आधी उंबरठा मोजेल." तिने चष्मा काढला, पदराला पुसावा तसा स्वेटरच्या टोकाला पुसला, परत लावला आणि आरशाकडे बघितलं. "तू सरळ म्हणतोस म्हणजे सरळच असणार. माझेच डोळे गेले वाटतं. डॉक्टरांना दाखवायला हवं."

बेव्हनना जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. सगळी गल्ली दुरावून, चहाची आमंत्रणं गमावून, इतकी वर्षं जो खडूसपणा त्यांनी सांभाळला होता, तो आज एका खोट्यासाठी सगळाच्या सगळा खर्ची पडला. त्यांना फार लाज वाटली. आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं, की पायाचं दुखणं क्षणभर विसरायला झालं.

"नोएलीन," ग्लेनिस म्हणाली, "जरा सरक."

"अं?"

"बाजूला हो जरा. मला बघू दे."

नोएलीन सरकली. असं कुणी सांगण्याची तिला सवय नव्हती. ग्लेनिस आरशासमोर जाऊन उभी राहिली, केस न विंचरताच. ती बराच वेळ तशीच उभी होती. आरशात तिच्या डोक्यावरून नोएलीनचं डोकं दिसतच होतं, पण या वेळी नोएलीन मागे होती. मग नोएलीननेच पुढे होऊन बहिणीच्या कपाळावर आलेली एक बट कानामागे सारली, आणि दोघी बहिणी तिथे उभ्या राहून रडायला लागल्या. पुरुष मंडळींनी खिडकीबाहेर बघून उद्याच्या हवेबद्दल बोलून घेतलं.

जेवून, दोनदा चहा घेऊन नोएलीन गेली. रिकामा ट्रेलर वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा ग्लेनिस स्वयंपाकघरात आली. बेव्हन कप विसळत होते.

"खरं सांग. सरळ आहे?"

"नाही."

"किती?"

"अकरा मिलिमीटर," बेव्हन म्हणाले. "नोएलीन एकदा घरी पोचली की संध्याकाळी हूक सरकवून..."

"हात लावशील तर बघ."

ती इतकं हळू आणि इतकं निक्षून बोलली, की त्यांनी हातातला कपसुद्धा खाली ठेवला. मग त्यांनी किटलीत पुन्हा पाणी भरलं, कारण बाहेर हेमी अजून गेले नव्हते. ते आरशासमोर खुर्ची ओढून बसले होते आणि स्वतःच्या कामावर भलतेच खूश दिसत होते.